गुळगुळीताशी वैर

आमच्या शाळेतल्या चौथीच्या बाईंना गुळगुळीत गोष्टींचा मनापासून राग होता. शिक्षकांच्या खोलीत नवं पॉलिश केलेलं टेबल आलं तेव्हा आम्ही सगळ्याजणी त्यावर कौतुकानं हात फिरवत होतो. बाईंनीही फिरवला आणि म्हणाल्या, "छान आहे. खिडकी उघडली की कागद पळतील." दुसऱ्याच दिवशी खाडीवरून वारा सुटला आणि दाखल्यांचे सात-आठ कागद टेबलावरून निघाले ते थेट अंगणात. आम्ही ते गोळा करत फिरलो. बाई खिडकीत उभ्या राहून शेंगा खात होत्या.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. कल्याणात खाडीच्या बाजूला एका जुन्या दगडी इमारतीत आमची प्राथमिक शाळा भरायची. मी एकोणीस वर्षांची, सातवीची फायनल परीक्षा पास झालेली, दुसरीच्या वर्गावर तात्पुरती नेमलेली. वडील शहाडच्या एका कारखान्यात कारकून होते, पण दम्यानं घरी बसले होते. माझी नोकरी कायम होणं आमच्या घराला फार गरजेचं होतं. हे हेडमास्तरांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं.

बाई माझ्याहून पंचवीसेक वर्षांनी मोठ्या. उंच, काटक, नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पायात टायरच्या वहाणा. तसल्या वहाणा तेव्हा हमाल आणि गाडीवान घालायचे. हेडमास्तर एकदा त्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "बाई, शिक्षिकेच्या पायात हे बरं दिसतं का?"

"हमाल कधी घसरून पडलेला पाहिलात?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही, पण..."

"मग झालं तर."

त्यांना नवऱ्यानं टाकलंय असं गावात बोललं जायचं. पारनाक्यावर त्या एका खोलीत एकट्या राहायच्या, म्हणून बोलणाऱ्यांना जोर यायचा. एका मुलाच्या आईनं हळदीकुंकवाला आडून आडून विचारलं, तेव्हा मी शेजारीच होते. बाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "टाकायला मी काय खरकटं आहे? मी निघून आले. माझ्या पायांनी. कुंकू मला आवडतं म्हणून लावते." पुन्हा वाटी उचलून त्यांनी उसळ संपवली. बाकी कुणाच्या घशाखाली ती उतरली नाही.

चौथीच्या पुस्तकात घर्षणाचा धडा दीड पानाचा होता. एक व्याख्या, एक चित्र. दुसरे शिक्षक तो एका तासात उरकायचे. बाई त्याला तीन आठवडे लावायच्या, आणि त्या तीन आठवड्यांत घर्षण हा शब्द एकदाही तोंडातून काढायच्या नाहीत. त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये फक्त लाकडी फळ्यांचा आडोसा होता. माझी दुसरीची पोरं पाढे म्हणायची आणि माझा कान पलीकडे असायचा. मी एकदा त्यांना विचारलं, "शब्द का नाही सांगत?"

"शब्द दिला की पोरं शब्द पाठ करतात आणि हातातलं सोडून देतात," त्या म्हणाल्या. "आधी हाताला कळू दे. शब्द काय, शेवटच्या दिवशी पाच मिनिटांत येतो."

पहिल्या दिवशी त्यांनी वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलाला, एका वकिलाच्या मुलाला, एक पाटी दिली आणि म्हटलं, "लिही तुझं नाव." पाटीला त्यांनी आधीच खोबरेल चोळून ठेवलं होतं. पेन्सिल नुसती सरकत राहिली. पोरानं दाबून पाहिलं, फुंकर मारली, सदऱ्यानं पुसलं, शेवटी रडायला लागला. बाईंनी शेजारच्या मुलाची जुनी, ओरखडलेली पाटी त्याच्यापुढे सरकवली. पहिल्याच झटक्यात अक्षर उठलं. "तू तोच, पेन्सिल तीच," बाई म्हणाल्या. "मग इथं काय आहे जे तिथं नव्हतं? उद्या सांग." दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः आले, मुलाला का रडवलंत विचारायला. बाईंनी त्यांच्याही पुढे तेलकट पाटी ठेवली.

हिरू नावाची एक मुलगी त्या वर्गात होती. खाडीवरच्या मासे धरणाऱ्यांची. दोनदा नापास झालेली, सगळ्यांत मागे बसणारी, आणि बोलली की बाकीची पोरं हसायची म्हणून बोलायचीच नाही. बाईंनी वर्गाला विचारलं, "हातातून निसटणारी वस्तू धरायची कशी?" कुणी म्हणालं घट्ट धरायची, कुणी म्हणालं दोन हातांनी. मागून बारीक आवाज आला.

"राख लावाची बाय."

पोरं हसली. बाईंनी डस्टर टेबलावर आपटलं. "ये पुढे. कसली राख?"

"चुलीची. मासा हातान रव्हत नाय. राख लावली का रव्हते." आणि मग धीर येऊन म्हणाली, "आईस रोज लावते."

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात बादलीभर पाणी आणि त्यात जिवंत मासे आणवले. ब्राह्मण आळीतल्या पोरांनीसुद्धा राख लावून मासे धरले. त्यावरून गावात जो काही गहजब झाला, तो सांगत बसत नाही. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "धरायला लावले, खायला नाही." हिरू मात्र त्या दिवसापासून पहिल्या रांगेत बसायला लागली. तिला कुणी मागे जा म्हटलं नाही.

खरखरीत चांगलं आणि गुळगुळीत वाईट, असं मात्र बाई शिकवत नसत. हेडमास्तरांच्या खोलीचं दार फार करकरायचं. पोरांनी एका दुपारी बिजागरीत तेल सोडून ते गप्प केलं. हेडमास्तर चिडले, कारण कोण येतंय ते त्यांना त्या आवाजानं आधीच कळायचं. आता बाई अचानक समोर उभ्या दिसायच्या. "कुठं धरायला हवं आणि कुठं सुटायला हवं, एवढं कळलं की पुरे," असं त्या पोरांना सांगायच्या.

आता पायऱ्यांची गोष्ट.

शाळेच्या दाराशी पाच दगडी पायऱ्या होत्या. साठ-सत्तर वर्षं पावलं पडून पडून त्या मधोमध खोलगट आणि आरशासारख्या झाल्या होत्या. पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट बुळबुळीत थर यायचा. दर वर्षी पाच-सहा पोरं तरी घसरायची, गुडघे फोडून घ्यायची. बाईंनी त्या वर्षी तीन पत्रं लिहिली: पायऱ्या खडबडीत करून घ्याव्यात, कुणाला तरी गंभीर इजा होईल. माझं अक्षर बरं म्हणून त्या कच्चा मजकूर मला द्यायच्या आणि मी सुवाच्य लिहून हेडमास्तरांच्या हातात नेऊन द्यायची. वरच्या ऑफिसला पाठवायचं काम त्यांचं. तिन्ही वेळा ते गोड हसून म्हणाले, "बघू हं, बघू." तिन्ही वेळा कागद त्यांच्या डाव्या हाताच्या खणात गेला. मी बघत होते.

हेडमास्तर दुष्ट नव्हते. त्यांना कुठल्याही कागदावर शाळेची तक्रार नको होती, इतकंच. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती आणि ती त्यांना आवाज न करता काढायची होती.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी, घंटा झाल्यावर, माझ्या वर्गातली सुशीला धावत पायऱ्या चढत होती. मी दारातच उभी होते. तिचा पाय वरच्या पायरीवरून सुटला आणि ती हातावर पडली. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. सात वर्षांची पोर, ओरडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला उचलून हाडवैद्याकडे मी आणि बाई घेऊन गेलो. परत येताना बाई म्हणाल्या, "चौथं पत्र लिहायचं नाही."

त्या दिवसांत दारोदार फिरून जात्याला टाकी लावून देणाऱ्या बाया असायच्या. जातं वापरून वापरून गुळगुळीत झालं की पीठ पडत नाही, दाणे नुसते फिरतात. मग या बाया छिन्नी-हातोडीनं दगडावर बारीक बारीक घाव घालून तो पुन्हा खरखरीत करायच्या. चार दिवसांनी हेडमास्तर ठाण्याला मीटिंगला गेले, आणि बाई तसल्याच एका म्हातारीला घेऊन शाळेत आल्या. चौथीचा अख्खा वर्ग त्यांनी अंगणात बसवला. म्हातारी पायऱ्यांकडे बघून म्हणाली, "बाई, येवढं मोठं जातं कुनाचं?"

"पोरांचं," बाई म्हणाल्या. "घाल टाकी."

ठक ठक ठक. माझ्या पोरांचं लक्ष लागेना, म्हणून मीही वर्ग बाहेर आणला. हळूहळू सगळी शाळा अंगणात आली. म्हातारी एक पायरी झाली की सरकायची, पोरं त्या पायरीवर अनवाणी उभी राहून बघायची, मग दुसऱ्या गुळगुळीत पायरीवर उभी राहून बघायची. खालून तीन पायऱ्या झाल्या आणि फाटकातून हेडमास्तर आत आले.

"बाई! हे काय चाललंय?"

"घर्षणाचा धडा," बाई म्हणाल्या. तीन आठवड्यांत तो शब्द त्यांनी तेव्हा पहिल्यांदा उच्चारला. सगळी चौथी वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"सरकारी इमारत आहे ही! कुणाच्या परवानगीनं दगड फोडताय?"

"फोडत नाही. टाकी लावतेय. परवानगी तुमच्या डाव्या खणात आहे, तीन महिने."

म्हातारीला पिटाळलं गेलं. वरच्या दोन पायऱ्या गुळगुळीतच राहिल्या. त्याच संध्याकाळी हेडमास्तरांनी वर कळवलं की एका शिक्षिकेनं इमारतीची नासधूस केली, अभ्यासक्रम सोडून वर्ग बाहेर बसवला, मुलांना मासे हाताळायला लावले. सोबत आम्हा इतर शिक्षकांची निवेदनं जोडायची होती. मला त्यांनी आत बोलावलं. दार मुळीच करकरलं नाही.

"बसा," ते म्हणाले. "तुमचं कायमचं यंदाच व्हायचंय ना? वडलांची तब्येत कशी आहे?" आणि कागद पुढे सरकवला. त्यात लिहिलं होतं की पायऱ्यांबद्दल कसलंही पत्र आल्याचं आमच्या माहितीत नाही.

मी सही केली. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना दुसरं काही सांगावंसं वाटतं, पण मी सही केली.

दुसऱ्या दिवशी सुटीनंतर खाडीच्या रस्त्यावर मी बाईंना गाठलं आणि स्वतःच सांगितलं. सांगता सांगता रडायला लागले. बाईंनी मला जवळ घेतलं नाही, की रागावल्याही नाहीत. "रडून सही पुसली जात नाही," त्या म्हणाल्या. "मला त्या सहीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तू अजून मुकी झालेली नाहीस." आणि पुढे चालायला लागल्या. मी मागे राहिले.

पंधरा दिवसांनी चौकशीला शिक्षण खात्याचे डेप्युटी आले. आम्ही त्यांना दिपोटी साहेब म्हणायचो. टोपी, काळा कोट, पॉलिश केलेले बूट. रात्रीपासून रिमझिम चालूच होती, पायऱ्या ओल्या होत्या. हेडमास्तर छत्री धरून त्यांना आत न्यायला निघाले, तर बाई मध्ये आल्या.

"साहेब, आत जाण्याआधी पाच मिनिटं. माझं उत्तर इथं आहे, कागदावर नाही."

पोरं तयारच होती. हिरूनं वरच्या गुळगुळीत पायरीवर एक अर्धी वीट ठेवली. विटेला सुतळी बांधलेली, सुतळीचं दुसरं टोक पायरीच्या कडेवरून खाली सोडलेलं, त्याला एक फडक्याची पिशवी. वकिलाचा मुलगा त्या पिशवीत आवळ्याएवढे खडे एकेक टाकायला लागला आणि सगळा वर्ग मोजायला लागला. नवव्या खड्याला वीट सरकली आणि धप्पकन खाली आली. मग तीच वीट, तीच सुतळी, टाकी लावलेल्या पायरीवर. नऊ झाले, वीट हलली नाही. बारा. पंधरा. साहेब नकळत वाकले होते आणि पोरांबरोबर ओठ हलवत होते. सतराव्याला वीट हलली.

"प्रयोग उत्तम आहे," साहेब सरळ होत म्हणाले. "पण बाई, वीट म्हणजे पाय नव्हे."

"बरोबर बोललात," बाई म्हणाल्या. "पाय घसरल्यावर काय होतं ते वीट दाखवू शकत नाही. सुशीला, बाळ, पुढे ये."

सुशीला माझ्या पदराआडून पुढे गेली. तिचा हात अजून गळ्यात होता. साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"तरीही परवानगी मागायला हवी होती."

"तीनदा मागितली."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर हसले. "असं काही पत्र आलेलं नाही, साहेब. सगळ्या शिक्षकांनी तसं लिहून दिलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते, त्यांच्या दडपणाचं निमित्त करून. त्या सुतळी गुंडाळत होत्या. सुशीला वळून माझ्याकडे बघत होती, त्या सकाळी बघत होती तशीच.

"पत्रं आली होती," मी म्हटलं.

"काय?" साहेब म्हणाले.

"तीन पत्रं आली होती. मी स्वतः लिहिली, बाईंच्या सांगण्यावरून, आणि हेडमास्तरांच्या हातात दिली. निवेदनावर माझी सही आहे. ती मी भीतीनं केली. ती खोटी आहे."

हेडमास्तरांच्या हातातली छत्री हळूहळू खाली आली आणि साहेबांच्या टोपीवर थेंब पडायला लागले.

पुढे जे झालं ते न्यायाचं झालं असं मी म्हणणार नाही. उरलेल्या दोन पायऱ्यांना टाकी लावायचा हुकूम दिवाळीआधी आला. त्याच टपालात बाईंच्या बदलीचा हुकूम होता: टिटवाळ्याच्या पलीकडची एकशिक्षकी शाळा, स्टेशनापासून तासभराची वाट. हेडमास्तर आपल्या जागी राहिले. बाईंनी माफीपत्र दिलं तर बदली रद्द होईल, असा तोंडी निरोपही होता. "पायऱ्या झाल्या ना?" बाईंनी विचारलं. "मग माफी कसली? झाल्याबद्दल?"

निरोप समारंभात नारळ, हार, भाषणं सगळं झालं. हेडमास्तर बाईंच्या सेवाभावाबद्दल पाच मिनिटं बोलले. बाई उत्तराला उभ्या राहिल्या. "माझी बदली शिक्षा म्हणून झाली आहे," त्या पोरांकडे बघून म्हणाल्या. "हे आज इथं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. मला तिचं दुःख नाही. तिकडंही पोरं आहेत, आणि तिकडंही कुठं ना कुठं पाय घसरत असणार. हा नारळ आत्ता फोडा आणि वाटून खा." हिरूनं तो वरच्या पायरीवर आपटून फोडला.

माझी पाळी नंतर आली. हेडमास्तरांनी एक तयार मजकूर माझ्यापुढे ठेवला. चौकशीच्या दिवशी मी गोंधळून काहीतरी बोलून गेले, त्याबद्दल दिलगीर आहे. एवढ्यावर सही केली की कायम होण्याची शिफारस जाणार होती. मी कागद घरी नेला. वडील उशीला टेकून बसले होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"गोंधळली होतीस का?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"नाही."

"मग असं कसं लिहिशील?" त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आमच्या घराला त्या नोकरीची किती गरज होती हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

सकाळी मी त्याच कागदाच्या खाली लिहिलं, "मी बोलले ते शुद्धीवर बोलले. ते खरं आहे. दिलगीर नाही." आणि नेऊन दिला.

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "विचार करा. तात्पुरतं आणखी वर्षभर चालेल मग."

"चालू दे," मी म्हटलं.

चाललं. पुढच्या वर्षी तोच मजकूर नव्या कागदावर माझ्यापुढे आला, मी तेच उत्तर त्याच्याखाली लिहिलं, आणि आणखी एक वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षी हेडमास्तरांनी मला आत बोलावलं, डावा खण उघडला, पुन्हा लावला, आणि कागद न काढताच म्हणाले, "शिफारस पाठवतो. जा, वर्गावर जा."